पाळी जाताना येणारे मुरुम: घरगुती उपायांचा तीन महिन्यांचा हिशेब

लेकीच्या तोंडावरचे मुरुम ओसरले आणि आईच्या हनुवटीवर उगवले, असं पंचेचाळिशी ओलांडलेल्या कितीतरी घरांत घडतं. मग उपाय सुरू होतात. पिंपरी कॅम्पातून मुलतानी माती येते, नर्सरीतून कोरफडीची कुंडी येते, मैत्रिणीने पाठवलेल्या रीलमधलं लिंबू-मध लावून होतं. तरीही फरक पडला नाही की पार्लरमध्ये ‘ॲक्ने फेशियल’ होतं. प्रत्येक गोष्ट शे-दोनशेची, म्हणून वहीत कुणी लिहीत नाही. तीन महिन्यांची बेरीज मात्र त्वचारोगतज्ज्ञाच्या फीच्या पुढे गेलेली असते आणि हनुवटीवर काळे डाग उरलेले असतात.

घरगुती आणि नैसर्गिक उपायांपैकी कशावर पैसे घालावेत, कशावर घालू नयेत आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात स्वस्त सल्ला कुठे मिळतो, याचा हा हिशेब आहे. दर ठोकळ आहेत. ब्रँड आणि दुकान बदललं की थोडं इकडेतिकडे होईल, तेव्हा डबीवरची छापील किंमत पाहूनच घ्या.

हे मुरुम वेगळे का?

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर मानतात. भारतीय बायकांमध्ये हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं. त्याआधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होत राहते आणि मुरुमांचा खरा त्रास बहुधा याच काळात सुरू होतो. इस्ट्रोजेन कमी होत जातं. बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरकंही थोडी असतातच, ती तितक्या वेगाने घटत नाहीत. शिवाय त्यांना रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं. त्यामुळे त्यांचा जोर वाढतो, तैलग्रंथी चेकाळतात आणि हनुवटी, जबडा, मान इथे खोल, दुखऱ्या गाठी येतात.

त्याच वेळी बाकीची त्वचा पातळ आणि कोरडी होत असते. खर्चाच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. मुलीचा ‘ऑइल कंट्रोल’ फेसवॉश, घासायचा स्क्रब, जाड थराचा लेप हे सगळं तेलकट, तरुण त्वचेसाठी आहे. पन्नाशीच्या त्वचेवर त्याने आग होते, साल निघते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर काळा डाग राहतो. मुरुम आठवड्यात बसतो, डाग मात्र कित्येक महिने हटत नाही.

आणखी एक खात्री आधी करा: हे मुरुमच आहेत ना? गालांवर आणि नाकावर लाली, गरम वाफा आल्यावर तोंड पेटल्यासारखं होणं, पुटकुळ्या आहेत पण काळी-पांढरी टोकं अजिबात नाहीत, असं असेल तर ते रोझेशिया असू शकतं. कपाळावर किंवा छातीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. भोसरी, चाकण, तळवड्याच्या मशीन शॉपमध्ये काम करत असाल आणि पुटकुळ्या हाताच्या पुढच्या भागावर किंवा मांड्यांवर, म्हणजे तेलकट कपडा जिथे घासतो तिथे असतील, तर कटिंग ऑइल किंवा कूलंटने छिद्रं बुजल्याची शक्यता जास्त. त्यावर कोरफड लावून उपयोग नाही. स्वच्छ गणवेश, बाह्यांचं आवरण आणि शिफ्ट संपताच साबणाने धुणं हे करावं लागतं. हात पुसायला चिंधी आणि थिनर वापरू नका.

आधी फुकटातलं: काय थांबवायचं

पहिला रुपया खर्च करण्याआधी दोन आठवडे या गोष्टी बंद करून किंवा बदलून पाहा.

हेल्मेटचा पट्टा. दुचाकीवरून रोज निगडी ते चाकण करणाऱ्या बाईच्या हनुवटीवर घाम, धूळ आणि घासणारा पट्टा, तिन्ही एकत्र येतात. पट्ट्याचं पॅड आणि आतलं अस्तर आठवड्यातून एकदा धुवा. खाली सुती स्कार्फ बांधत असाल तर तोही रोज धुतलेला हवा.

हनुवटीवरचं थ्रेडिंग. या वयात मुरुमांबरोबर हनुवटीवर राठ केसही येतात. दोरा किंवा चिमटा लावला की केसाच्या मुळाशी सूज येते आणि ती मुरुमासारखीच दिसते. महिनाभर थ्रेडिंग थांबवा, हवं तर छोट्या कात्रीने केस कापा. मुरुम कमी झाले तर कारण सापडलं.

डोक्याचं तेल आणि खोबरेल. रात्री तेल लावून उशीवर गाल टेकवून झोपायची सवय असेल तर तेल न्हाण्याआधी तासभर लावा. खोबरेल केसांना चांगलं, मुरुमाच्या चेहऱ्यावर नको. ते छिद्रं बुजवतं.

प्रोटीन पावडर आणि बी-१२. व्हे प्रोटीनने काही जणांचे मुरुम वाढतात. बी-१२ च्या गोळ्या-इंजेक्शनांनीही काहींना पुटकुळ्या येतात. डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ स्वतःहून बंद करू नका, पण ते सुरू झाल्यावर मुरुम वाढले असतील तर तसं सांगा.

फोडणं. हे बंद केल्यानेच डागांवरचा पुढचा सगळा खर्च वाचतो.

घरगुती उपाय, एकेक करून

टी-ट्री तेल. नैसर्गिक उपायांमध्ये पुराव्याची बाजू सगळ्यात भक्कम असलेलं हेच. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के टी-ट्री तेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी-ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण त्रास कमी झाला. १५ मिलीची बाटली साधारण २०० ते ४०० रुपयांना मिळते. ते कधीही निव्वळ लावायचं नाही. एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली जेलमध्ये ५ थेंब एवढंच प्रमाण. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस थांबा. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर टाकून द्या, जुन्या तेलाने ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. पोटात गेलं तर ते विषारी आहे, नातवंडांच्या हाती लागू देऊ नका.

कोरफड. कुंडी ५० ते १०० रुपयांत मिळते आणि ती वर्षानुवर्षं चालते. कोरफड एकटी मुरुम घालवत नाही, मात्र औषधाच्या जोडीने तिचा फायदा दिसला आहे आणि आग शमवायला ती चांगली. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक वाहू द्या, मगच आतला गर घ्या. त्या चिकाने खाज सुटते.

मुलतानी माती. १०० ग्रॅम २० ते ६० रुपये. ती तेल शोषते, एवढंच तिचं काम. आठवड्यातून एकदा, फक्त हनुवटी-जबड्यावर, दहा मिनिटं आणि पूर्ण वाळण्याआधी धुऊन टाका. गाल कोरडे असतील तर त्यांना हात लावू नका.

कडुलिंब आणि हळद. प्रयोगशाळेत दोन्ही जंतूंवर काम करतात. माणसांच्या मुरुमांवर मात्र चांगल्या चाचण्या फारच थोड्या आहेत. आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला घालायला हरकत नाही, तो सोसायटीच्या झाडावरून फुकट मिळतो. हळदीचा लेप काहींना ॲलर्जी करतो. हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या धोक्याच्या आहेत.

मध. न्यूझीलंडमध्ये कानुका मधावर झालेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की नुसत्या जंतुनाशक साबणापेक्षा त्याने वेगळा फायदा दिसला नाही. मध चहात घाला, तोंडाला फासून पैसे घालवू नका.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट. तिन्हींना नकार. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि महिनोन् महिने काळी राहते.

पुदिन्याचा चहा. ‘स्पिअरमिंट’ जातीच्या पुदिन्याने चेहऱ्यावर केस वाढलेल्या बायकांमध्ये पुरुषी संप्रेरक थोडं कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं. मुरुम कमी झाल्याचा ठोस पुरावा नाही. आवडत असेल तर प्या, पण त्यासाठी ५०० रुपयांचा डबा नको.

शतावरी आणि अश्वगंधा. दुकानदार ‘लेडीज टॉनिक’ म्हणून हातात देतो, ३०० ते ६०० रुपयांना. अश्वगंधा थायरॉइडच्या औषधात ढवळाढवळ करू शकते, यकृताला त्रास दिल्याच्याही नोंदी आहेत. स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर इस्ट्रोजेनसारखं काम करणारी कोणतीही वनस्पती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ताटात काय बदलायचं

नैसर्गिक उपायांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हाच. रक्तातली साखर झटकन चढवणारं खाणं कमी केल्यावर मुरुम कमी होतात, असं २००७ च्या ऑस्ट्रेलियातल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत दिसलं. ती चाचणी तरुण मुलांवर होती, त्यामुळे परिणाम तेवढाच मिळेल असं समजू नका. तरीही या वयात मधुमेहाचा आणि वजनाचा धोका वाढत असतो, म्हणजे हा बदल वाया जात नाही.

सुरुवात चहापासून करा. कंपनीच्या शिफ्टमध्ये दोन-दोन चमचे साखरेचे चार कप झाले की ४० ग्रॅमच्या घरात साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. चहाबरोबरची बिस्किटं, खारी आणि कॅन्टीनचा वडापाव यांच्याऐवजी भाजलेले फुटाणे-शेंगदाणे. दुपारी भाताचा डोंगर कमी करून ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी. यासाठी वेगळा खर्च नाही, बिस्किटांचे पैसे उलट वाचतात.

दुधाचा संबंध काही अभ्यासांत मुरुमांशी दिसला आहे, पण म्हणून दूध एकदम बंद करू नका. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि कॅल्शियमची गरज वाढते. दोन-तीन आठवडे दुधाऐवजी दही-ताक घेऊन पाहा, जोडीला नाचणी आणि तीळ. फरक पडला नाही तर दूध पुन्हा सुरू करा.

रात्रपाळीने झोप मोडत असेल तर तीही मोजा. झोप आणि ताण दोन्ही मुरुमांना हातभार लावतात. शिफ्ट बदलून मिळणं आपल्या हाती नसतं, पण शिफ्टनंतर अंधार करून सलग झोप घेणं थोडंफार जमू शकतं.

तीन महिन्यांचा हिशेब

कोणत्याही उपायाला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, म्हणून हिशेबही बारा आठवड्यांचा.

पाया, जो दोन्ही मार्गांत सारखाच लागतो:
– साबण नसलेला सौम्य क्लेन्झर, दोन बाटल्या: ४०० ते ७०० रुपये
– छिद्रं न बुजवणारं साधं मॉइश्चरायझर, एक: २०० ते ४०० रुपये
– सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, ५० ग्रॅमच्या दोन ट्यूब: ७०० ते १,००० रुपये
एकूण: १,३०० ते २,१०० रुपये

त्यावर नैसर्गिक जोड:
– टी-ट्री तेल, कोरफडीची कुंडी, मुलतानी माती: २७० ते ५६० रुपये

किंवा त्यावर औषधी जोड, यांतलं एकच:
– २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल, दोन ट्यूब: २४० ते ४०० रुपये
– १० टक्के ॲझेलेइक ॲसिड, १५ ग्रॅमच्या तीन ट्यूब: ५१० ते ९०० रुपये

म्हणजे नैसर्गिक मार्ग बारा आठवड्यांना साधारण १,६०० ते २,७०० आणि औषधी मार्ग १,५५० ते ३,००० रुपये. फरक नगण्य आहे. ‘स्वस्त पडतं म्हणून घरगुती’ हा समज त्यामुळे टिकत नाही. खर्चाचा मोठा भाग दोन्हीकडे पायावरच जातो. तो भाग वगळून नुसती माती आणि तेल आणणं, ही बहुतेक जणींची चूक. सनस्क्रीन परवडत नसेल तर छत्री आणि सुती स्कार्फ हे चालणारे पर्याय आहेत. क्लेन्झर मात्र ठेवाच.

बेन्झॉइल पेरॉक्साइड घेताना २.५ टक्केच घ्या. ५ आणि १० टक्क्यांनी फायदा विशेष वाढत नाही, आग मात्र वाढते. ते टॉवेल आणि उशीच्या अभ्ऱ्याचा रंग उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. ॲझेलेइक ॲसिड मुरुम आणि डाग दोन्हींवर काम करतं, कोरड्या त्वचेला सोसतं आणि रोझेशियातही चालतं. थोडे जास्त पैसे घालायचे तर ते इथे घाला. औषधाचं नाव ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर शोधून पाहा. जवळच्या जनऔषधी केंद्रात ते मिळालं तर खर्च बराच उतरतो.

तुलनेसाठी: पार्लरचं ॲक्ने फेशियल एका वेळचं ८०० ते १,५०० रुपये. तीन महिन्यांत चार वेळा केलं तर ३,२०० ते ६,०००. त्यातला वाफारा आणि मालिश सुजलेल्या मुरुमाला त्रासच देतात.

डॉक्टरकडे कधी, कुठे, किती

बारा आठवडे नेमाने करूनही निम्माही फरक नाही, गाठी खोल आणि दुखऱ्या आहेत, खड्डे पडू लागलेत, तर घरगुती प्रयोग थांबवा. मुरुमांबरोबर आवाज घोगरा होणं, दाढीसारखे केस झपाट्याने वाढणं, टाळूवरचे केस विरळ होणं असं काही महिन्यांत अचानक झालं असेल तर बारा आठवडेही थांबू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लगेच जा. त्याचा मुरुमांशी संबंध नसला तरी तपासणी टाळू नये.

खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी या भागात साधारण ५०० ते १,००० रुपये. दोन भेटी धरा. त्याहून स्वस्त वाटा अशा:

ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना, कंत्राटी असल्या तरी, हे लागू आहे. पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम तुमच्याकडून कापली जाते. १८,००० पगार असेल तर दरमहा १३५ रुपये तुम्ही आधीच भरत आहात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआय रुग्णालय आहे. पगारपत्रकावरचा विमा क्रमांक घेऊन जा.

सरकारी रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून गरज पडली तर औंधच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. एसटीने गेलात तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. पीएमपीच्या बसला ही सवलत नाही.

महापालिका. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम. हे पालिकेचं असल्याने वरच्या मोफत योजनेत येत नाही, पण केसपेपर आणि तपासण्यांचे दर खासगीच्या मानाने फारच कमी. संत तुकारामनगर मेट्रो स्थानक जवळ आहे. त्याच भागात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे.

आयुर्वेदच हवा असेल तर. निगडी प्राधिकरणातल्या आणि पिंपरीतल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा. तिथे पदवीधर वैद्य नाडी पाहून लिहून देतात, औषधावर परवाना क्रमांक असतो. भस्म किंवा रसौषधी असेल तर त्यात कोणते धातू आहेत ते विचारा, आणि ती किती दिवस घ्यायची तेही.

तपासण्यांच्या बाबतीत एक पैसे वाचवणारी सूचना. पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे होतेय म्हणून ‘लेडीज हार्मोन पॅकेज’ करण्याची बहुधा गरज नसते, कारण या काळात संप्रेरकं रोज वरखाली होतात आणि एका दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही. वर सांगितलेली अचानकची लक्षणं असतील तरच डॉक्टर निवडक तपासण्या सांगतील, तेवढ्याच करा.

डॉक्टरांनी ॲडापॅलिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुचवलं तर पाळीची स्थिती नीट सांगा. पाळी अनियमित असली तरी बारा महिने पूर्ण थांबेपर्यंत दिवस जाऊ शकतात आणि ही औषधं गर्भाला धोक्याची ठरू शकतात. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची यादीही न्या.

पैसे देण्याआधी डबी उलटून पाहा

२०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं त्वचा उजळवणाऱ्या क्रीमने बिघडल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं. क्रीममध्ये पारा होता. ‘हर्बल नाइट क्रीम’ म्हणून पार्लरमध्ये किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या डब्या म्हणूनच घेऊ नका, कितीही स्वस्त असल्या तरी.

दुसरा धोका मेडिकलच्या काउंटरवरचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावं ज्या क्रीमवर असतील ती स्टेरॉइडची. दोन दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, मुरुम दुप्पट जोराने येतात, केस वाढतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. चिठ्ठी न मागता दुकानदार ती देत असेल तर घेऊ नका.

डबीवर पाहायच्या गोष्टी: उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द काहीच सिद्ध करत नाही. बिल घ्या. बिल नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही. भेसळ किंवा बिनपरवाना मालासाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५, आणि खोटी जाहिरात किंवा पैसे परत न देण्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि उपाय सुरू करण्याआधी खिडकीजवळ, उजेडात, हनुवटीचा एक फोटो काढून ठेवा. चार, आठ आणि बारा आठवड्यांनी त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. बाराव्या आठवड्याला फोटोत सुधारणा असेल तर तोच खर्च चालू ठेवा. नसेल तर पुढची बाटली घेण्याऐवजी चारही फोटो आणि वापरलेल्या सगळ्या डब्या पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ठेवा. पहिल्याच भेटीत नेमकं औषध ठरायला त्याची मदत होते.